तीस अंशांची करामत
छातीचा वरचा भाग घडवण्यासाठी बेंच प्रेसचा कोणता प्रकार निवडावा?

कल्याणहून कर्जतकडे जाताना अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांच्या मध्ये चिखलोली लागते. चिखलोलीचे धरण, एमआयडीसीतले रासायनिक कारखाने आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांच्या रांगा ही आजची इथली ओळख. वस्ती वाढली, तशा या पट्ट्यात व्यायामशाळाही वाढल्या. कुठे इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा असतो, कुठे मंडळाची खोली. दिवसपाळी संपवून किंवा मुंबईहून लोकलने परतून आलेली मुले रात्री उशिरापर्यंत तिथे घाम गाळतात. या मुलांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: "फ्लॅटला वजन वाढतंय, पण अप्पर चेस्ट काही भरत नाही."

तक्रार खरी असते. सपाट बेंचवर महिनोन्‌महिने मेहनत केली की छातीचा मधला आणि खालचा भाग उठून दिसू लागतो. गळपट्टीच्या हाडाखालचा, म्हणजे कॉलरबोनखालचा तीन-चार बोटांचा पट्टा मात्र मागे राहतो. मग रॉडवर आणखी एक प्लेट चढते, तरी तो पट्टा जागचा हलत नाही, कारण त्याचा खरा संबंध कोनाशी आहे. बेंचची पाठ किती अंशांनी उचलली आहे, यावर छातीचा कोणता भाग अधिक राबणार हे बऱ्याच अंशी ठरते. असे का होते, हे समजून घेताना माणसाच्या शरीरातल्या एका विलक्षण रचनेची ओळख होते.

एक स्नायू, दोन स्वभाव

छातीवरचा मोठा स्नायू म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर. पसरलेल्या हातपंख्यासारखा त्याचा आकार असतो. पंख्याची रुंद कड छातीच्या मध्याकडे आणि मूठ दंडाकडे. या रुंद कडेचे दोन मुख्य भाग आहेत. वरचा भाग गळपट्टीच्या हाडाच्या आतल्या निम्म्या लांबीवरून निघतो. खालचा आणि आकाराने बराच मोठा भाग छातीच्या मधल्या उभ्या हाडावरून, म्हणजे उरोस्थीवरून, आणि वरच्या सहा बरगड्यांच्या कूर्चांवरून निघतो. दोन्ही भागांचे तंतू खांद्याकडे जाता जाता एकवटतात आणि एका चपट्या कंडरेने दंडाच्या हाडाला, खांद्याच्या जरा खाली, समोरच्या बाजूने चिकटतात.

नवलाची गोष्ट या कंडरेत आहे. तंतू ज्या क्रमाने छातीवरून निघतात, त्या क्रमाने ते दंडाला जाऊन मिळत नाहीत. वाटेत त्यांना पीळ पडतो. छातीवर सर्वांत खाली असलेले तंतू मागच्या बाजूने वर चढून दंडाच्या हाडावर सर्वांत वर चिकटतात. गळपट्टीवरून आलेले तंतू पुढच्या थरात राहतात आणि तुलनेने खाली चिकटतात. हात डोक्याच्या वर उचलला की हा पीळ सुटतो आणि हात खाली आणला की पुन्हा बसतो. दोन्ही भागांचा चेतापुरवठाही पूर्णपणे एक नाही. वरच्या भागाला बाहेरच्या बाजूची पेक्टोरल चेता चालवते. खालच्या भागाला तिच्या जोडीने आतल्या बाजूची चेताही मिळते.

त्यामुळे या दोन भागांची कामेही वेगळी आहेत. हात शरीराच्या समोर आडवा आणणे हे दोघांचे सामाईक काम. हात खालून पुढे आणि वर उचलायचा असेल, तर वरचा भाग पुढाकार घेतो. वर गेलेला हात जोर लावून खाली आणायचा असेल, तर खालचा भाग पुढे येतो.

याची खात्री घरबसल्या करता येते. जेवणाच्या टेबलासमोर बसा. उजव्या हाताचा तळवा टेबलाच्या कडेखाली लावून टेबल वर उचलू पाहा. त्याच वेळी डाव्या हाताची बोटे उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली ठेवा. तिथला स्नायू टणक झालेला जाणवेल. आता तोच तळवा टेबलावर ठेवून खाली दाबा. वरचा पट्टा सैल पडतो आणि काखेच्या पुढची कड ताठ होते. एकाच स्नायूचे दोन भाग पाळीपाळीने कामाला लागलेले असे बोटांना कळतात.

कोन बदलला की काय बदलते?

सपाट बेंचवर आडवे झाल्यावर हात धडाशी जवळपास काटकोनात वर जातात. उरोस्थीवरून आलेल्या तंतूंना ही दिशा सोयीची असते. बेंचची पाठ उचलली की तोच रॉड धडाच्या हिशेबाने तिरका, डोक्याच्या दिशेने ढकलला जातो. हात पुढे आणि वर नेण्याचा अंश वाढतो, म्हणून गळपट्टीवरून आलेल्या तंतूंवरचा भारही वाढतो. पाठ आणखी उभी केली की मात्र खांद्याच्या पुढचा स्नायू, म्हणजे फ्रंट डेल्टॉइड, काम आपल्याकडे ओढून घेतो. पाठ पूर्ण उभी झाली की तो खांद्याचाच व्यायाम होतो.

म्हणजे खरा प्रश्न उरतो तो नेमक्या जागेचा. स्पेनमधील संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात 30 सरावलेल्या व्यक्तींकडून 0, 15, 30, 45 आणि 60 अंश अशा पाच कोनांवर बेंच प्रेस करून घेतला आणि त्वचेवर लावलेल्या इलेक्ट्रोडने स्नायूंची विद्युत हालचाल मोजली. छातीच्या वरच्या भागाची हालचाल 30 अंशांवर सर्वाधिक आढळली. 45 अंशांच्या पुढे छातीचा वाटा घटला आणि खांद्याचा वाढला.

असे मापन म्हणजे स्नायूची वाढ नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. 1995 च्या एका जुन्या अभ्यासात कलत्या बेंचवर वरच्या भागाची हालचाल सपाट बेंचपेक्षा विशेष वाढलेली दिसली नव्हती. पण 2020 मध्येच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्यात थेट वाढच मोजली होती. पूर्वी व्यायाम न केलेल्या तरुणांचे गट पाडून एका गटाला फक्त सपाट, दुसऱ्याला फक्त कलता आणि तिसऱ्याला दोन्ही मिळून बेंच प्रेस आठ आठवडे करायला दिले. छातीच्या वरच्या भागाची जाडी कलत्या बेंचवरच्या गटात अधिक वाढली. व्यायामशाळेतला जुना अनुभवही हेच सांगत आला आहे.

तीस अंश मोजायचे कसे?

अनेक व्यायामशाळांतल्या बेंचवर अंश लिहिलेले नसतात. मागच्या दांड्याला चार-पाच खाचा असतात आणि जो तो अंदाजाने पिन घालतो. न हलणारे इनक्लाइन, म्हणजे कलते बेंच तर बऱ्याचदा बरेच उभे असतात. त्यांवर खांदे थकतात आणि छाती कोरडी राहते.

इथे शाळेतली भूमिती कामी येते. पाठीची फळी सांध्यापासून वरच्या टोकापर्यंत मोजा. फळीचे वरचे टोक सांध्याच्या पातळीपासून त्या लांबीच्या बरोबर निम्म्या उंचीवर आले, की कोन 30 अंश. फळी 80 सेंटिमीटरची असेल, तर टोक 40 सेंटिमीटर वर हवे. 21 सेंटिमीटर वर असेल तर कोन सुमारे 15 अंश, आणि 57 सेंटिमीटरच्या आसपास असेल तर 45 अंश. मोजपट्टी नसेल, तर मोबाइलमधले पातळी दाखवणारे ॲप फळीवर टेकवले तरी आकडा मिळतो. एकदा मोजून योग्य खाचेवर खडूची खूण करून ठेवली, की सगळ्यांचीच सोय होते.

ही मेहनत वाया घालवणारी एक सवय सर्रास दिसते. वजन जड झाले की मुले कंबर फळीवरून उचलतात आणि छाती वर काढतात. बेंच 30 अंशांवर असतो, पण धड जवळपास सपाट होते आणि इनक्लाइनचा पुन्हा फ्लॅट होतो. नितंब फळीला टेकलेले, खांद्याची पाती मागे-खाली खेचलेली आणि पाय जमिनीवर घट्ट असले, तरच मोजलेला कोन कामाचा.

कोणता प्रकार कोणासाठी?

*रॉडने इनक्लाइन प्रेस.* वजन थोडेथोडे वाढवत नेण्यासाठी हा पायाभूत प्रकार. रॉड छातीच्या वरच्या भागावर, गळपट्टीच्या जरा खाली उतरवायचा. सपाट बेंचवर तो त्याहून खाली, स्तनाग्रांच्या आसपास टेकतो. कोपरे खांद्याच्या रेषेत ताणून न ठेवता धडापासून साधारण 45 ते 60 अंशांवर ठेवावीत. फ्लॅटला पेलते तेवढे वजन इथे पेलत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. स्पर्धेच्या मापाचा रॉड 20 किलोचा आणि 2.2 मीटर लांबीचा असतो. छोट्या व्यायामशाळांतले रॉड त्याहून हलकेही असतात, म्हणून आपण वापरतो तो रॉड एकदा काट्यावर ठेवून पाहावा.

*डंबेल इनक्लाइन प्रेस.* चिखलोलीसारख्या ठिकाणच्या साध्या व्यायामशाळेसाठी माझी पहिली पसंती याला. एक हलता बेंच आणि डंबेलच्या काही जोड्या, एवढ्यावर काम भागते. दोन्ही हात स्वतंत्र राबतात, त्यामुळे डावा-उजवा फरक लपत नाही. मनगट आणि खांदा आपापली सोयीची वाट धरतात. हात छातीपेक्षा खाली जाऊ शकतात आणि वर गेल्यावर एकमेकांजवळ येतात. गर्दीच्या वेळी रॉडसाठी थांबावे लागत नाही. आणि वजन पेलले नाही, तर डंबेल बाजूला सोडता येतात, छातीवर रॉड अडकत नाही.

*सपाट बेंचवर उलटी पकड.* तळवे चेहऱ्याकडे करून रॉड धरायचा. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या पकडीने छातीच्या वरच्या भागाची हालचाल वाढलेली दिसली. या पकडीत कोपरे धडाजवळ राहतात आणि हात खालून पुढे-वर जातो, म्हणून असे होते. पण रॉड हातातून निसटण्याची भीती यात जास्त. शेजारी जाणता जोडीदार असल्याशिवाय आणि अंगठा रॉडभोवती पक्का बसल्याशिवाय हा प्रकार करू नये. नवख्याने तर याच्या वाटेला जाऊच नये.

*स्मिथ मशीन.* रॉड ठरलेल्या रुळातून वर-खाली होतो, तोल सांभाळावा लागत नाही. एकट्याने शेवटच्या फेऱ्या काढताना हे बरे. फक्त बेंच अशा जागी सरकवून घ्यावा, की रॉड वरच्या छातीवरच उतरेल.

*खालून वर जाणारी केबल.* केबलची कप्पी खाली लावून दोन्ही हात खालून वर, हनुवटीसमोर आणायचे. हा प्रेस नव्हे. पण वरच्या तंतूंची दिशा यात अचूक सापडते, म्हणून प्रेसनंतर दोन-तीन हलके सेट म्हणून तो शोभतो.

*गळ्यावर रॉड उतरवणारा प्रेस.* अमेरिकेतले प्रशिक्षक विन्स गिरोंडा यांच्या नावाशी हा प्रकार जोडला जातो. वरची छाती त्यात ताणली जाते हे खरे, पण खांद्याचा सांधा अडचणीच्या स्थितीत जातो आणि रॉड गळ्यावर येतो. इतके चांगले पर्याय हाताशी असताना हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

*डिक्लाइन.* डोके खाली, पाय वर. यात खालच्या तंतूंना काम जास्त मिळते. वरचा पट्टा भरणे हे उद्दिष्ट असेल, तर सध्या बाजूला ठेवावा.

बेंच नव्हता तेव्हा

पडून वजन ढकलण्याचा व्यायाम बेंचपेक्षा जुना आहे. एस्टोनियात जन्मलेले मल्ल जॉर्ज हॅकेनश्मिट यांनी 1898 मध्ये जमिनीवर पाठ टेकून 361 पौंड, म्हणजे सुमारे 164 किलो वजन ढकलले होते. कोनाचे महत्त्व तर ऑलिंपिकच्या मंचावरही दिसून आले. वेटलिफ्टिंगमध्ये पूर्वी उभ्याने खांद्यावरून वजन वर ढकलण्याचा 'प्रेस' हा प्रकार होता. भारी वजन पेलण्यासाठी खेळाडू कमरेतून इतके मागे झुकू लागले, की उभ्याउभ्याच इनक्लाइन प्रेस होऊ लागला. धड तिरके केले की छातीचा वरचा भाग मदतीला येतो, हे त्यांच्या शरीराने शोधून काढले होते. पंचांना निर्णय देणे कठीण झाले आणि 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार वगळण्यात आला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ स्थापन झाला आणि सपाट बेंच प्रेस हा त्या खेळाच्या तीन प्रकारांपैकी एक झाला.

महाराष्ट्राने छाती घडवली ती तालमीत, मारुतीसमोर, दंड मारून. कोल्हापूरच्या तालमीत त्यालाच जोर म्हणतात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून ही परंपरा चालवत आले आहे. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्यात संपादित केलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' 1936 ते 1949 या काळात प्रसिद्ध झाला. एका भाषेने व्यायामासाठी एवढा मोठा कोश घडवावा, ही अभिमानाची गोष्ट आहे.

दंडाकडे बेंच प्रेसच्या नजरेने पाहिले, तर त्यातली योजना थक्क करते. सुरुवातीला कंबर वर असते आणि हात धडाच्या हिशेबाने डोक्याच्या दिशेला असतात. ही झाली कलत्या बेंचवरची स्थिती. छाती जमिनीलगत पुढे सरकते, तेव्हा हात धडाशी काटकोनाकडे येतात. ही सपाट बेंचवरची. शेवटी छाती वर आणि कंबर खाली जाते, तेव्हा हात कमरेच्या दिशेने दाबतात. ही डिक्लाइनची. एका दंडात तिन्ही कोन येऊन जातात. त्यातला वरच्या छातीचा वाटा वाढवायचा असेल, तर कंबर वर असतानाचा पहिला टप्पा सावकाश करावा.

ज्यांच्याकडे बेंच नाही, त्यांनी पाय पलंगाच्या कडेवर ठेवून पुश-अप काढावेत. साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे 64 टक्के भार हातांवर येतो. पाय सुमारे 60 सेंटिमीटर उंचीवर ठेवले, की तो 74 टक्क्यांच्या आसपास जातो आणि दिशाही इनक्लाइनची होते. घरच्या घरी मेहनत करणाऱ्या स्त्री-पुरुषांना याहून स्वस्त साधन नाही.

मंचावरची पारख

शरीरसौष्ठवात महाराष्ट्राचा दबदबा मोठा आहे. 2010 साली 'मिस्टर एशिया' किताब मिळवणारे सुहास खामकर हे मूळचे कोल्हापूरचे, तालमींच्या गावचे. पुरुषांच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत सक्तीच्या सात पोझ असतात आणि त्यांपैकी 'साइड चेस्ट'मध्ये छातीची जाडी बाजूने पारखली जाते. ज्याची छाती गळपट्टीपासूनच भरायला लागते, त्याचे धड वरपासून खालपर्यंत एकसंध दिसते. ज्याचा वरचा पट्टा रिकामा, त्याची मोठी छातीही ओघळल्यासारखी वाटते. परीक्षकांच्या नजरेतून हा फरक सुटत नाही.

जपायचे काय?

छातीच्या स्नायूची कंडरा तुटल्याची पहिली वैद्यकीय नोंद 1822 मध्ये पॅरिसमध्ये पातिसिए यांनी केली. आज ही इजा बहुतेक वेळा तरुण पुरुषांना आणि बेंच प्रेस करतानाच होते. रॉड छातीजवळ खाली आलेला असतो, दंड मागे गेलेला असतो आणि त्या क्षणी पीळ असलेल्या कंडरेतले खालचे तंतू इतरांपेक्षा खूप जास्त ताणले जातात. रॉड धाडकन खाली सोडून छातीवर उसळवणे म्हणून घातक. वजन दोन सेकंद घेऊन उतरवावे, तिथे क्षणभर स्थिर करावे आणि मग ढकलावे.

अंगठा रॉडभोवती गुंडाळलेलाच हवा. जड सेटला मागे जोडीदार हवाच, आणि आधार नसताना रॉडने शक्तीच्या सीमेपर्यंत जाऊ नये. खांद्यात टोचल्यासारखे दुखत असेल, तर वजन कमी करून डंबेलकडे वळावे. तरीही दुखणे राहिले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. लवकर छाती भरेल म्हणून कोणी इंजेक्शन किंवा गोळी पुढे केली, तर स्पष्ट नकार द्यावा. अशा औषधांनी स्नायू कंडरेपेक्षा वेगाने बळावतात, आणि हृदय, यकृत व संप्रेरकांचे होणारे नुकसान आरशात दिसत नाही.

एक साधी आखणी

आठवड्यातून दोनदा छातीचा व्यायाम करा. दोन्ही दिवशी पहिला व्यायाम इनक्लाइनचा ठेवा, कारण ताजी शक्ती ज्याला मिळते तो भाग पुढे जातो. एका दिवशी रॉडने 6 ते 8 फेऱ्यांचे तीन-चार सेट, दुसऱ्या दिवशी डंबेलने 8 ते 12 फेऱ्यांचे तीन-चार सेट. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवा, की आणखी एक-दोन फेऱ्या निघाल्या असत्या. त्यानंतर फ्लॅट प्रेस, केबल किंवा दंड. छातीला जेवढे सेट द्याल, निदान तेवढेच पाठीला ओढण्याचे सेट द्या, म्हणजे खांदे पुढे झुकणार नाहीत. जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे, मासळी यांतले परवडेल ते रोज असू द्या, आणि झोप मोडू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर आठवड्याला प्रकार बदलत बसू नका. आपल्या खांद्याला मानवणारा एक इनक्लाइन प्रेस निवडा, किमान तीन महिने तोच धरून ठेवा आणि प्रत्येक दिवसाचे वजन व फेऱ्या वहीत लिहा. दोन किलो वाढले किंवा एक फेरी जास्त निघाली, तर तुमची निवड बरोबर आहे.